बेवारसांचे सर

आमच्या सरांनी आयुष्यात एकच प्रेत बरोबर ओळखलं, आणि ते शेजारच्या घरातल्या माणसाचं होतं. तोवर अख्ख्या गल्लीनं ते ओळखलेलं होतं, त्या माणसाची बायको उशाशी बसून रडत होती. तरी सरांनी चादर बाजूला केली, कानाची पाळी नीट न्याहाळली आणि ‘हो, तेच आहेत’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. पुढं त्यांच्या कामाबद्दल कोणी शंका घेतली, की ते याच यशाचा दाखला द्यायचे.

मी त्यांची भाडेकरू होते. नांदेड रस्त्यावरच्या त्या तालुक्याच्या गावी बँकेत माझी बदली झाली होती आणि सरांची वरची खोली रिकामी होती. आमच्याकडं खोली बघायला गेलं की घरमालक आडवळणानं जात काढतात. सरांनी ते काहीच विचारलं नाही. समोर बसवलं आणि अंगावर कुठं जन्मखूण, गोंदण, ऑपरेशनचा व्रण असलं काही आहे का, असं विचारलं. मी पर्स घेऊन उठलेच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, ‘बस गं पोरी. त्यांच्या मनात वाईट न्हाई काही. उद्या तू मेलीस तर वळखू यावं म्हणून विचारून राहिलेत.’ एवढा दिलासा मिळाल्यावर मी खोली घेतली. बँक तिथून जवळ होती.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्त माणसं देवाला लागतात, नाहीतर राजकारणावर बोलतात. सर बेवारस प्रेतांना लागले. कालव्याला, रुळांवर, रस्त्याच्या कडेला कुठंतरी एखादा अनोळखी माणूस मेलेला सापडतो. पोलीस पेपरात दोन बोटांची जाहिरात देतात. दुसरीकडं कोणाचा तरी बाप, भाऊ, लेक घरातून निघून गेलेला असतो. त्याचीही तेवढीच जाहिरात येते. या दोन जाहिरातींच्या मधे फक्त एका हुशार माणसाची कमतरता आहे, आणि तो माणूस आपण, असं सरांचं ठाम मत होतं.

सकाळी पेपर आला की ते तो मागून उघडायचे. पोह्यांची बशी एका हातात आणि दुसऱ्या हातात चष्मा धरून वाचायचे. पोलिसांच्या भाषेवर त्यांचा फार राग. ‘अंदाजे वय तीस ते पन्नास’ असं कुठं छापून आलं की म्हणायचे, हे वय आहे का हळदीचा बाजारभाव? ‘बांधा मध्यम, रंग सावळा, उंची साधारण’ वाचून म्हणायचे, हा तर अख्खा मराठवाडा झाला. इथवर त्यांचं बरोबर असायचं. पुढं मात्र ते स्वतः त्याच तीस ते पन्नासमधून एक माणूस निवडायचे आणि त्याच्या घरी फोन लावायचे.

बैठकीच्या खोलीत पूर्वी देवांचे आणि मुलींच्या लग्नातले फोटो होते. ते आत गेले आणि भिंतीवर हरवलेल्यांच्या आणि मेलेल्यांच्या जाहिराती आल्या. डावीकडं हरवलेले, उजवीकडं मेलेले. कोण कोणाशी जुळतो हे दाखवायला मधून लाल लोकरीचे धागे. काकूंनी एकदा त्या धाग्यांना लसणाच्या जुड्या अडकवल्या होत्या, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला परभणीकडचे पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडलांनी भिंतीकडं बोट दाखवून हे कोण म्हणून विचारलं. सर म्हणाले, डावीकडचे हरवलेले, उजवीकडचे सापडलेले. सापडले ते बरं झालं, असं म्हणून पाहुण्यांनी चष्मा लावला आणि उजवीकडचे जवळून बघितले. चहा न घेताच मंडळी उठली. सरांचं म्हणणं, असल्या भित्र्या घरात मुलगी द्यायचीच नव्हती.

पाण्यात राहिलेला चेहरा फुगतो, घरच्यांनाही ओळखू येत नाही. म्हणून सर पोलिसांकडून फोटो मिळवून त्यावरून त्या माणसाचं जिवंतपणीचं चित्र काढायचे. डोळे उघडे, केस विंचरलेले. कल्पना वाईट नव्हती. अडचण एवढीच होती, की सरांना नाक एकच येत होतं. नोकरीभर फळ्यावर तेच काढलेलं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. लांब, टोकाशी जरा खाली वळलेलं. त्यामुळं जिल्ह्यात बेवारस मरणारा प्रत्येक पुरुष सरांचा पाठचा भाऊ वाटायचा. आठवडी बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी हातातलं चित्र बघून कळवळून विचारलं होतं, सर, तुमच्यातलं कोण गेलं?

पोलीस त्यांना सहन करायचे, त्याला कारण होतं. प्रेताचा पंचनामा करायचा तर सहीला पंच लागतात, आणि पोलिसांची गाडी थांबताना दिसली की आमच्या गावातली पानटपरीसुद्धा रिकामी व्हायची. सर मात्र बोलावण्याआधी हजर. नाकाखाली बाम चोळलेला, खिशात उदबत्तीचा पुडा. ठाण्याचे जमादार त्यांना कायमचे पंच म्हणायचे. सरांना ती पदवी वाटायची.

त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. ‘माणूस हरवत नसतो. त्याला ओळखणारा हरवतो.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार खोल वाटलं. एकदा काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवत विचारलं, ‘मग सांगा, मी चहात साखर किती घेते?’ सर विचारात पडले आणि एक चमचा म्हणाले. काकूंनी चहा सोडून कैक वर्षं झाली होती.

तर अशात एकदा कालव्याला एक प्रेत लागलं. पुष्कळ दिवस पाण्यात राहिलेलं, अंगावर शर्टाची कॉलर आणि एक बाही तेवढी उरलेली. सरांनी पंचनाम्यावर सही केली, घरी येऊन चित्र काढलं आणि संध्याकाळच्या आत जाहीर केलं, की हा डोंगरकडा गावाजवळच्या एका खेड्यातला बेपत्ता म्हातारा आहे.

तो म्हातारा महिनाभरापूर्वी घरातून निघून गेला होता. जेवताना त्यानं दुसऱ्यांदा भाकरी मागितली, कोणी ऐकलं नाही, आणि तो ताटावरून उठून गेला तो गेलाच. त्याला दोन मुलगे. केळीची बाग, दारात ट्रॅक्टर, सगळं बरं होतं. सरांनी मोबाइलवर चित्र पाठवलं. आता योगायोग असा, की त्या म्हाताऱ्याचं नाक खरोखरच सरांसारखं होतं. त्यांच्या चित्रांच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. दोघे भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप घेऊन आले.

ओळख पटवण्याचा तो प्रसंग मला सरांनीच नंतर मोठ्या अभिमानानं सांगितला होता. प्रेताचे केस काळे होते. धाकट्याला आठवलं, की बाप कलप लावायचा. दात बहुतेक जागेवर होते. म्हाताऱ्याला दात किती होते हे दोघांपैकी एकालाही सांगता येईना, तेव्हा सर म्हणाले, गावाकडच्या माणसाचे दात टिकतात. अंगानं प्रेत जरा दांडगं वाटत होतं. सर म्हणाले, पाण्यानं फुगतं. थोरल्यानं नाकाला रुमाल लावून लांबूनच बघितलं आणि हो, बाबाच, असं सांगितलं. जमादारांना त्या दिवशी मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त होता. ओळख पटली म्हटल्यावर पुढचं सगळं भराभर उरकलं. हाड किंवा दात तपासणीसाठी राखून ठेवायचा असतो, तोही कोणी ठेवला नाही. माणूस ओळखू आला होता, मग ठेवायचा कशाला?

म्हाताऱ्याला शेतात अग्नी दिला. भावांनी मुंडण केलं, दहावा केला, तेराव्याला गावजेवण घातलं. सरांना तेराव्याला टोपी-उपरणं मिळालं. ते त्यांनी बैठकीत खिळ्याला अडकवलं आणि भिंतीवरचा एक लाल धागा समारंभानं कापला. तो आठवडा आम्हा सगळ्यांना फार जड गेला. दूधवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत प्रत्येकाला सरांनी कानाच्या पाळीवरून माणूस कसा ओळखावा ते समजावून सांगितलं.

मग त्या भावांचा एक मेव्हणा नांदेडला लग्नाला गेला. मंगल कार्यालयाच्या फाटकाशी गणवेश घातलेला, शिट्टी अडकवलेला एक म्हातारा गाड्या लावून घेत होता. मेव्हण्याची मोटार आत शिरली तशी त्यानं कडक सलाम ठोकला आणि काच खाली झाल्यावर म्हणाला, ‘काय पाव्हणं, लेकरं बरी हायेत का?’ मेव्हण्यानं दुसऱ्या दिवसापर्यंत काही खाल्लं नाही म्हणतात. पण त्याआधी त्यानं मोबाइलवर चित्रण करून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं.

सरांनी ते बघितलं आणि आधी म्हणाले, जुनं असेल. मग त्यावरची तारीख दाखवल्यावर त्यांनी भिंग काढलं. फाटकावरच्या म्हाताऱ्याचा कान बराच वेळ बघून त्यांनी निर्वाळा दिला, की हा तो नव्हे, तोतया आहे. खरा माणूस मेलेला असून जिवंत माणूस खोटा आहे, हे ते दोन दिवस गावाला पटवत होते. शेवटी भाऊच त्यांना गाडीत घालून नांदेडला घेऊन गेले. म्हाताऱ्यानं मुलांची टकली बघितली, त्यावर हात फिरवला. घरी चला म्हटल्यावर म्हणाला, मेलो तर मेलोच बरा, इथं दोन्ही टायमाला जेवण आहे आणि वर बुंदी. मग सरांकडं वळून त्यानं विचारलं, ‘तुमीच का मला मारलं ते?’ सर हो म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांनाही सलाम ठोकला आणि शिट्टी फुंकत दुसऱ्या गाडीकडं गेला.

गावाला हसायला महिनाभर पुरेल एवढा माल मिळाला. सर रस्त्यानं निघाले की पोरं ताठ उभी राहून श्वास रोखून धरायची, मेल्यासारखी. दूधवाला रोज सकाळी मी जिवंत आहे बरं का सर, असं सांगून दूध घालायचा. मीही हसले. बँकेत नक्कल करून दाखवली.

हसल्या नाहीत त्या फक्त काकू. एका दुपारी सर जेवायला बसले होते, मी वरून पाणी भरायला खाली आले होते. काकूंनी वाढता वाढता विचारलं, ‘मंग जाळला त्यो कोन व्हता?’

सरांनी घास ताटात परत ठेवला. खरं सांगायचं तर तोवर हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. गावाला म्हातारा जिवंत निघाल्याची गंमत होती. भावांना लाज होती, पोलिसांना कागदाची काळजी. कालव्यातून निघालेल्या माणसाला मात्र म्हाताऱ्याबरोबर आम्ही सगळ्यांनी परत हरवून टाकलं होतं, आणि या वेळी जाळून.

सर तसेच उठून ठाण्यात गेले. जमादारांनी त्यांना चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, की सर, वळख तुमी पटवली, पंच बी तुमीच. आता राखेची काय तपासणी करता?

त्या संध्याकाळी सरांनी आम्हा दोघींना एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी त्या अभिमानाच्या आठवड्यात सांगितली नव्हती. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना राखेत लोखंडाचा एक लांब रॉड सापडला होता. हाड मोडल्यावर मांडीत घालतात तसला. उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्यांच्या कृपेनं आमच्याकडं घरटी एक रॉड असतो, तो काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. म्हाताऱ्याचं कधी ऑपरेशन झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मग थोरला म्हणाला, असंल, बापाला एकदा बैलानं पाडलं होतं. आणि सर म्हणाले, बरोबर, बैलानंच. झालं, रॉड बापाचा ठरला. बापाच्या पायात काय आहे हे दोन्ही मुलांना माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची हिंमत सरांना नव्हती.

तो रॉड आता कुठं असेल ते बघायला सर दुसऱ्या दिवशी निघाले. काकू मला म्हणाल्या, ‘तू जा गं पोरी संगं. एकटे गेले तर अजून एखाद्याला मारून येतील.’ रविवार होता. मी स्कूटी काढली.

भाऊ घरात होते, डोक्याला टोप्या घालून. आम्हाला बघून त्यांना काही आनंद झाला नाही. कोणाच्या सांगण्यावरून कोणी काय मान्य केलं यावरून त्यांच्यात आणि सरांच्यात बराच वाद झाला. ते बैलाचं म्हणाले म्हणून सर हो म्हणाले, की सर हो म्हणाले म्हणून ते गप्प बसले, हे काही ठरेना. मधेच थोरल्याची बायको उठली, परसात गेली आणि हातात रॉड घेऊन आली. नदीत टाकायच्या गाठोड्यातून तो बाहेर राहिला होता, मग तिनं कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला आडणा म्हणून लावला होता. तिनं तो पदरानं पुसून सरांच्या हातात दिला. सरांनी तो पेपरात गुंडाळला. परत येताना मागं बसून त्यांनी ती गुंडाळी दोन्ही हातांनी मांडीवर आडवी धरली होती.

मग त्यांनी भिंतीवरच्या डाव्या बाजूच्या सगळ्या घरी फोन लावायला सुरुवात केली. शहाणपण अंगात इतक्या लवकर येत नसतं. पलीकडून कोणी उचलला, की सर नाव न सांगता विचारायचे, तुमच्या माणसाच्या मांडीत रॉड होता का? नव्हता म्हटलं की म्हणायचे, मग तो जिवंत असू शकतो, अभिनंदन. एका घरानं त्यांना पोलिसांत देण्याची धमकी दिली, एका बाईनं नुसताच हंबरडा फोडला. शेवटी काकूंनी फोन काढून घेतला आणि पुढचे त्यांनी स्वतः लावले. त्या आधी कुठून बोलते ते सांगायच्या, मग पोरगं सापडलं का विचारायच्या, आणि मग पाय.

वसमतच्या एका बाईंनी उत्तर दिलं, ‘व्हय. हाय की रॉड.’ होता नाही म्हणाल्या; आहे म्हणाल्या. काकूंनी फोन ठेवला आणि सरांना म्हणाल्या, आता तुम्ही जा, आणि तिथं तोंड उघडू नका.

त्या बाईंची पिठाची गिरणी होती. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा. सर आणि मी पोचलो तेव्हा गिरणी चालू होती, बाहेर दोन-तीन बायका डबे घेऊन थांबल्या होत्या. बाईंच्या भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसलं होतं. त्यांनी बसा म्हणून खूण केली आणि दळण चालूच ठेवलं. चालत्या गिरणीच्या आवाजातच त्यांनी मुलाबद्दल सांगितलं. हळदीच्या कारखान्यात कामाला होता. साखर कारखान्याच्या रस्त्याला मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली, मांडी मोडली. तेव्हापासून लंगडायचा. सोयरिकी येऊन परत जायच्या. एक दिवस कामाला जातो म्हणून गेला.

सरांनी पेपराची गुंडाळी उघडली. बाईंनी रॉडकडं बघितलं, पण हात लावला नाही. गिरणीच्या खिडकीला काचेच्या जागी एक काळा एक्स-रे चिकटवला होता. तो त्यांनी सोडवला, पीठ झटकलं आणि उजेडात धरला. मांडीचं हाड, त्यात रॉड, आणि खालच्या टोकाला एक स्क्रू अर्ध्यात मोडलेला. ऑपरेशनच्या वेळीच तो तुटला होता आणि डॉक्टरांनी राहू द्या म्हटलं होतं. सरांच्या हातातल्या रॉडच्या खालच्या टोकाला तसाच अर्धा स्क्रू अडकलेला होता.

सरांनी काहीतरी समजवायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

बाईंनी गिरणी बंद केली. एकदम इतकं शांत झालं, की बाहेरच्या बायका आत डोकावल्या.

‘जाळलं का त्याला?’ त्यांनी विचारलं.

‘हो,’ सर म्हणाले.

‘आमच्यात जाळत न्हाईत, सर. आमी लिंगायत. आमच्यात बसवत असत्यात.’

सरांनी मग दोघा भावांचं, अग्नीचं, मुंडणाचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी गळ्यात लिंग होतं का म्हणून विचारलं. नव्हतं, सरांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पाण्यात जायच्या आधी काढून ठेवलं असेल कुठंतरी. भिजू नये म्हणून. त्या रडल्या नाहीत. चूक कोणाची, तक्रार कुठं करायची, हेही त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, की त्याच्यासाठी मुंडण केलं ती माणसं कोण? त्यांना घेऊन या.

भाऊ यायला तयार नव्हते. बाई केस करेल, गाव जमवेल, अशी त्यांना भीती होती. सरांनी त्यांना कसं पटवलं माहीत नाही. मला वाटतं, त्यांनी पहिल्यांदाच कोणाच्या तरी हातापाया पडून पाहिलं असावं. पण ठरल्या दिवशी दोघेही वसमतला रुद्रभूमीत आले. लिंगायतांची ती दफनाची जागा. एक लहानसा खड्डा खणून ठेवला होता. जंगमस्वामी जरा अडखळत होते; नुसत्या लोखंडाचा विधी त्यांनी कधी केला नव्हता. बाई त्यांना म्हणाल्या, ‘दोन वरसं त्याच्या आत व्हतं ते. माझ्यापरीस जवळ.’ स्वामींनी मग काही विचारलं नाही. भस्म लावून रॉड उभा ठेवला, बसवल्यासारखा, आणि माती लोटली.

सगळं झाल्यावर बाईंनी भावांना समोर बोलावलं. भाऊ टोप्या काढून उभे राहिले. केस नुकतेच फुटत होते, काट्यासारखे. बाई त्या डोक्यांकडं बघत राहिल्या.

आंघोळ घातली होती का, त्यांनी विचारलं. थोरला म्हणाला, पोलिसांनी प्लास्टिकमध्ये बांधून दिलं होतं, वरूनच पाणी घातलं. कपडे? नवं धोतर घातलं होतं. बाई किंचित हसल्या. म्हणाल्या, त्यानं जन्मात धोतर नेसलं नव्हतं.

‘रडलं का कोणी?’

थोरला म्हणाला, बायका रडल्या. बाई म्हणाल्या, तुमच्या बापासाठी रडल्या असतील. त्यावर आतापर्यंत गप्प असलेला धाकटा बोलला, ‘खरं सांगू का मावशी, बापासाठी बी न्हाई. रीत हाय म्हणून रडल्या.’

थोरल्यानं त्याच्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता इथंच जुंपणार. पण बाईंनी मान हलवली.

‘रीतीनं का असंना,’ त्या म्हणाल्या, ‘त्याच्यासाठी आवाज तर झाला.’

आणि मग त्या तिथंच, मातीवर बसून रडल्या. धाकटा त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. थोरला टोपी हातात चुरगाळत उभा होता. जरा वेळानं त्यालाही काही आवरेना. बाप नांदेडला बुंदी खात असताना तो कोणासाठी रडत होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आम्ही निघालो तेव्हा बाई रस्त्यापर्यंत आल्या. सर बराच वेळ हात जोडून उभे होते. त्यांना क्षमा मागायची होती. पण माफ करा हे दोन शब्द नोकरीभर त्यांनी फक्त पोरांकडून ऐकलेले, म्हणायची सवय नव्हती. बाईंनीच त्यांना मोकळं केलं. म्हणाल्या, ‘सर, पुन्हा कोणाच्या दारात असं जाऊ नका. पण माझ्या दारात आलात ते बरं केलं.’

जमादारांनी पुढं कागद दुरुस्त करायचं मनावर घेतलं, ते अजून चालू आहे म्हणतात. म्हातारा सरकारी हिशेबात मेलेलाच आहे आणि मंगल कार्यालयात सलाम ठोकतो आहे. मुलगे दर अमावास्येला त्याला भेटायला जातात. घरी चला म्हणतात, तो जेवून जा म्हणतो.

सर सुधारले असतील असं कोणाला वाटत असेल, तर तो सरांना ओळखत नाही. थोडे दिवस ते गप्प होते. मग एका मंगळवारी रुळांवर कोणी सापडलं, आणि ते बाम शोधायला लागले. माझी बदली होईपर्यंत हे चालूच होतं. फरक एवढाच पडला, की कोणी आडवं आलं की आता ते शेजाऱ्याच्या प्रेताचा दाखला देत नसत. ते वसमतच्या बाईंचं वाक्य सांगायचे, अर्धंच: ‘माझ्या दारात आलात ते बरं केलं.’ सांगताना त्यांचा आवाज दरवेळी कापायचा, आणि तो खोटा नसायचा.

पहिला अर्धा भाग मी काकूंना सांगून ठेवला होता. सर चपला घालायला लागले की त्या आतून म्हणायच्या, ‘पुन्हा कोणाच्या दारात असं जाऊ नका.’ सर दाराशी थांबायचे, दुसरा अर्धा म्हणायचे, आणि निघून जायचे.